ऱ्होड आयलंडच्या गार पाण्यात फुलपाखरू मासा?? हा इथे पोचला कसा

कर्लीकाठ:
नमस्कार मंडळी, समुद्रातलं कळणारं कोणी असेल तर जरा मदत करा. आम्ही न्यू जर्सीत राहतो, सप्टेंबरच्या मध्याला एका वीकेंडला ऱ्होड आयलंडला गेलेलो. तिथे जेम्सटाउनला फोर्ट वेदरिल म्हणून स्टेट पार्क आहे, ग्रॅनाइटचे कडे आणि त्यांच्या मधे छोटे छोटे कोव्ह, डायव्हिंगवाले तिथूनच पाण्यात उतरतात. मी आणि मुलगी वेटसूट घालून स्नॉर्केलिंगला उतरलो. पाणी आमच्या हिशोबाने गारच, घड्याळात ६८ फॅरनहाइट दाखवत होतं म्हणजे २० सेल्सिअस. खाली तपकिरी शेवाळ, खेकडे, इथले ते मळकट रंगाचे मासे, सगळं अपेक्षेप्रमाणे. आणि कड्याच्या अगदी पायथ्याशी एका कपारीच्या तोंडाशी एक इवलासा चपटा मासा, पांढरं अंग, पिवळे पर, डोळ्यातून जाणारा उभा काळा पट्टा. आकार फारतर रुपयाच्या नाण्याएवढा. मी मालवणकडचा आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घातलं की असे मासे दिसतातच, त्यामुळे फुलपाखरू माशाच्या जातीचा आहे हे मला बघताक्षणी कळलं, पण मालवणचं पाणी कुठे आणि हे कुठे, इथे हिवाळ्यात किनाऱ्याला बर्फ धरतं!

तर प्रश्न असे की हा इथे आला कसा, कोणीतरी घरच्या टँकमधला आणून सोडला असेल का? हिवाळ्यात त्याचं काय होणार? हे ग्लोबल वॉर्मिंगमुळे होतंय का? आणि लेकीने तेव्हापासून धोशा लावलाय की आपण परत जाऊन त्याला घरी आणू या नाहीतर तो थंडीने मरेल. तिला काय सांगू ते खरंच कळत नाहीये. फोटो आहे पण पाणी गढूळ होतं म्हणून फार स्पष्ट नाही.

मीठपाणी:
तुमच्या वर्णनावरून स्पॉटफिन बटरफ्लायफिश असणार, या किनाऱ्यावर बटरफ्लायफिश दिसला तर बहुतेक वेळा तोच असतो. मी मॅसॅच्युसेट्समधे राहतो आणि बरीच वर्षं फोर्ट वेदरिलला डाइव्ह करतोय, ऑगस्ट-सप्टेंबरमधे तिथे हे दिसतात आणि दरवेळी तेवढाच आनंद होतो.

टँकमधून सोडल्याचा संशय डोक्यातून काढून टाका. सोडलेला मासा एखाददुसरा असतो आणि बहुतेक वेळा वाढलेला असतो, हे मात्र न्यू जर्सी, लाँग आयलंडपासून केप कॉडच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत दर उन्हाळ्यात दिसतात आणि सगळेच्या सगळे पिल्लं, दोन-तीन सेंटिमीटरची. इथले डायव्हर त्यांना गल्फ स्ट्रीमची (दक्षिणेकडून येणाऱ्या गरम समुद्रप्रवाहाची) अनाथ पोरं म्हणतात.

होतं काय ते सांगतो. यांचे आईबाप फ्लोरिडा, बहामा, कॅरिबियनच्या रीफवरचे, म्हणजे प्रवाळांच्या खडकांवरचे. हे मासे अंडी पाण्यात मोकळी सोडून देतात, राखणबिखण काही नाही, अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीचे काही आठवडे उघड्या समुद्रात प्लँक्टनबरोबर तरंगत असतं. बटरफ्लायफिशच्या पिल्लाला तर त्या वयात डोक्यावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, रीफवर स्थिरावलं की ते जातं. आता या तरंगण्याच्या काळात बरीचशी पिल्लं जवळपासच्याच रीफला लागतात पण काही गल्फ स्ट्रीममधे सापडतात. हा प्रवाह सरासरी ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो म्हणजे दिवसाला दीडेकशे किलोमीटर! फ्लोरिडाहून नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरसपर्यंत आठ-दहा दिवसांत पोचता येतं, पिल्लाला स्वतः काही न करता.

खरी गंमत हॅटरसच्या पुढे आहे. तिथे गल्फ स्ट्रीम किनारा सोडतो आणि ईशान्येला खोल समुद्रात निघून जातो. ऱ्होड आयलंडच्या समोर येईपर्यंत तो किनाऱ्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब असतो. मग मधलं अंतर कोण पार करून देतं? तर प्रवाह पुढे जाताना नागमोडी वळणं घेतो, एखादं वळण फारच लांबलं की ते मूळ प्रवाहापासून तुटतं आणि गरम पाण्याचं एक मोठं चक्र सुटं होऊन फिरत राहतं, शंभर-दोनशे किलोमीटर रुंद, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारं. यांना वॉर्म कोअर रिंग म्हणतात. हे चक्र काही आठवडे ते काही महिने टिकतं, हळूहळू पश्चिमेला सरकतं आणि किनाऱ्याच्या उथळ पट्ट्याच्या कडेला येऊन घासतं, त्याच्या काठावरून गरम पाण्याचे लांबच्या लांब पदर सुटतात, त्यात ही पिल्लं असतात. पुढे वारा, भरती, आणि शेवटी पिल्लाचं स्वतःचं पोहणं, कारण तोपर्यंत ते चांगलं पोहायला लागलेलं असतं. काही जातीची पिल्लं वाहत्या सारगॅसम शेवाळाच्या आडोशाने पण येतात. किनारा लागला की मिळेल तो दगड धरायचा. तुमच्या पिल्लाला फोर्ट वेदरिलचा दगड मिळाला.

हिवाळ्याचं उत्तर मात्र वाईट आहे. पाणी १२ सेल्सिअसच्या आसपास आलं की हे बटरफ्लायफिश खाणं सोडतात आणि १० च्या आसपास मरतात. नॅरागान्सेट बेच्या तोंडाशी नोव्हेंबरमधे पाणी तिथे पोचतं, आणि फेब्रुवारीत तर ३-४ सेल्सिअस असतं. परत दक्षिणेला जाणं या जातीला जमत नाही, तो कपारीचा मासा आहे, शेकडो किलोमीटर उघड्या पाण्यातून पोहणारा नाही. जॅकसारखे ताकदवान पोहणारे मासे पण असेच पिल्लं म्हणून येतात, त्यातले काही पाणी गार होताना खाली सरकत असतील, पण बटरफ्लायफिश नाही.

अभय_जर्सी:
अहो ऱ्होड आयलंड कशाला, आपल्या जर्सी शोअरला पण दिसतात. आम्ही पोरांना घेऊन खाडीच्या बाजूला छोटं ओढजाळं मारतो, ऑगस्टच्या शेवटी त्यात क्रेवाल जॅकची पिल्लं, लुकडाउन (तो चांदीच्या पत्र्यासारखा उभट मासा), फाइलफिश असलं काय काय येतं, बघून परत पाण्यात सोडतो. लाँग आयलंडला हॅम्पटन बेज़मधे पॉनक्वोग ब्रिजखाली डाइव्ह करणारा एक मित्र आहे त्याने तर आपल्या हेकरूच्या जातीतल्या स्नोई ग्रुपरची पिल्लं बघितलीयत, चॉकलेटी अंगावर पांढरे ठिपके, फार देखणी दिसतात म्हणे.

पण हे सगळं ग्लोबल वॉर्मिंगच आहे, यात शंका घ्यायचं कारणच नाही. पाणी तापतंय, मासे वर सरकतायत, सरळ हिशोब आहे.

मीठपाणी:
अभय, तापमानवाढीबद्दल माझं दुमत नाही पण हा मासा म्हणजे तिचा पुरावा असं म्हणता येत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलला अमेरिकन सरकारच्या फिश कमिशनचं काम १८७१ पासून सुरू झालं, तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदी करून ठेवल्यात की उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिणेकडच्या जातींची पिल्लं येतात आणि थंडी पडली की नाहीशी होतात, बटरफ्लायफिश सुद्धा त्यात आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे चाललंय आणि त्याच्या आधी कोणी लिहून ठेवत नव्हतं एवढंच. गल्फ स्ट्रीम होता, रीफ होते, मग पिल्लं पण येत असणारच.

मला हे महत्त्वाचं वाटतं कारण एखादा रंगीत मासा दाखवून कोणी म्हणालं की बघा समुद्र तापला, आणि समोरच्याने जुनी नोंद काढून दाखवली, तर तो माणूस पुढचं खरं पण ऐकणार नाही.

ऋतुजा_बॉस्टन:
दोघांचं पण बरोबर आहे, फक्त प्रश्न जरा वेगळा विचारायला हवा. पिल्लं येतात का हा जुना प्रश्न, उत्तर हो. नवीन प्रश्न असा की जास्त येतायत का, जास्त दिवस टिकतायत का आणि एखादी जात हिवाळा काढायला लागलीये का. मी समुद्रविज्ञानाच्या डेटावर काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मीठपाणींनी ज्या रिंग सांगितल्या त्यांची मोजणी उपलब्ध आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ कॅम्पसमधले अविजित गंगोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मधे काम प्रसिद्ध केलं, १९८० ते १९९९ मधे वर्षाला सरासरी १८ वॉर्म कोअर रिंग सुटत होत्या, २००० ते २०१७ मधे ती सरासरी ३३ झाली. जवळजवळ दुप्पट, आणि बदल हळूहळू चढत गेलेला नाही, २००० च्या सुमारास एकदम पायरी चढल्यासारखा झालाय. प्रवाहाचं नागमोडीपण वाढलंय, वळणं जास्त तुटतायत. आता रिंग म्हणजेच या पिल्लांची वाहनं, त्यामुळे वाहनं वाढली तर प्रवासी वाढायला वाव आहे, पण दर रिंगमागे पिल्लं वाढलीच असा हिशोब मांडता येत नाही कारण रिंग कुठे सुटली, कुठल्या महिन्यात, किनाऱ्याला किती जवळ आली यावर सगळं अवलंबून आहे. जानेवारीतली रिंग बटरफ्लायफिशच्या काही कामाची नाही.

दुसरं म्हणजे ऱ्होड आयलंड विद्यापीठाची माणसं १९५९ पासून नॅरागान्सेट बेमधे दर आठवड्याला ठरलेल्या दोन जागी जाळं ओढून मासे मोजतायत, उन्हाळा हिवाळा काही न बघता. माझ्या मते असली कंटाळवाणी वाटणारी नोंदच शेवटी खरी गोष्ट सांगते. तिथे दिसतं ते असं की १९६० नंतर खाडीचं सरासरी तापमान सुमारे दीड डिग्री सेल्सिअसने वाढलंय, गार पाण्यातले तळाचे मासे कमी होत गेलेत आणि उन्हाळ्यात दक्षिणेकडून येणारे वाढलेत. इथल्या लोकांना ब्लॅक सी बास आता सर्रास मिळतो, पूर्वी हा मुख्यतः खालच्या राज्यांचा मासा होता. दक्षिण न्यू इंग्लंडचा लॉबस्टरचा धंदा मात्र जवळपास बसला, पाणी त्यांना सोसेनासं झालं आणि त्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी कवचाचा रोग पसरला. कोळ्यांची घरं ज्याच्यावर चालायची तो प्राणी गेला. तापमानवाढ बघायची असेल तर ती लॉबस्टर आणि सी बासमधे दिसते. रंगीत पिल्लाकडे आपलं लक्ष पटकन जातं पण ते पाहुणं आहे.

उत्तरेला केप कॉडच्या पलीकडे तर आणखीच वेगळं, तिथलं गल्फ ऑफ मेन २००४ ते २०१३ या काळात जगातल्या ९९ टक्के समुद्रापेक्षा जास्त वेगाने तापलं.

सचिन_रीफटँक:
मी सॉल्टवॉटर टँकवाला आहे त्यामुळे मुलीच्या प्रश्नावर बोलतो. लाँग आयलंड आणि जर्सीचे बरेच हॉबीवाले सप्टेंबरमधे जाळी घेऊन ही पिल्लं गोळा करतात. विचार असा की नाहीतरी मरणारच आहेत, दुकानातला मासा रीफवरून उचललेला असतो, हा मासा उचलला तर कुठल्याही रीफचं नुकसान नाही. मला हा विचार पटतो, आणि मोठी अ‍ॅक्वेरियम सुद्धा अशी पिल्लं पकडून ठेवतात.

पण कर्लीकाठदादा, तुमच्याकडे आधीपासून चालू असलेला सॉल्टवॉटर टँक आहे का? नसेल तर कृपया करू नका. नवीन टँक सायकल व्हायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला, कित्येक आठवडे लागतात, अमोनिया शून्यावर येईपर्यंत मासा घालता येत नाही. स्पॉटफिन मोठा झाला की वीस सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याला पाच-सहा फूट लांबीचा टँक लागेल, आणि बटरफ्लायफिश खायला फार नखरे करतात, सुरुवातीला जिवंत खाऊ द्यावा लागतो, रीफ टँकमधे ठेवला तर अ‍ॅनेमोनी नि ट्यूबवर्म फस्त करेल. शिवाय परवानगी. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, कुठली जात, कुठल्या जाळ्याने, लायसन्स कुठलं, काही जागी काहीच उचलता येत नाही, ऱ्होड आयलंडचं डीईएम (पर्यावरण खातं) आहे त्यांना ईमेल करून विचारल्याशिवाय पाण्यात जाळं घालू नका. आणि एकदा घरी आणला की परत समुद्रात सोडायचा नाही, टँकमधले रोग आणि जंतू बाहेर जातात.

कर्लीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कळेल अशी अपेक्षाच नव्हती. टँक नाहीये आमच्याकडे, गोड्या पाण्याचा पण नाही. लेकीला काल रात्री रिंगचं सगळं समजावलं, नकाशावर फ्लोरिडापासून रेघ काढून दाखवली, तिला ते फारच आवडलं. पण मग तिने विचारलं की त्याला माहीत होतं का आपण चुकीच्या जागी आलोय. आणि दुसरं विचारलं की मरणारच असेल तर एवढ्या लांब येऊन उपयोग काय झाला. मी म्हटलं विचारून सांगतो.

मीठपाणी:
पहिल्याचं उत्तर, नाही, त्याच्या दृष्टीने दगड आहे, कपार आहे, खायला बारीक जीव आहेत, पाणी उबदार आहे, सप्टेंबरमधे सगळं जमून आलेलं असतं. मी बघितलेली पिल्लं टुणटुणीत असतात, दिवसभर टोचून टोचून खात असतात.

दुसऱ्याचं सांगायचं तर एक मादी एका हंगामात हजारोंनी अंडी सोडते, त्यातली बहुतेक घरच्या पाण्यातच कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात. लांब वाहत जाणं हे त्या जातीचं नेहमीचंच आहे, कारण याच वाहण्यामुळे एखादं बेट वादळाने उजाड झालं तर दुसऱ्या बेटावरची पिल्लं तिथे पोचतात. बर्म्युडाला जे रीफचे मासे आहेत ते गल्फ स्ट्रीमच्या बाजूनेच पोचलेले आहेत, तिथे पाणी हिवाळ्यात सोसतं म्हणून टिकले. त्याच प्रवाहात बसून काही बर्म्युडाला लागतात आणि काही ऱ्होड आयलंडला. तिला हे सांगा, मला वाटतं तिला कळेल.

सिडनीवाली_मेघना:
हा विषय आमच्याकडे पण जोरात आहे म्हणून लिहितेय. सिडनीला ईस्ट ऑस्ट्रेलियन करंट आहे, तो ग्रेट बॅरियर रीफच्या बाजूने खाली येतो, जानेवारी ते मे मधे मॅन्लीच्या शेली बीचला, म्हणजे कॅबेज ट्री बे रिझर्व्हला पाण्यात उतरलं की बटरफ्लायफिश, सार्जंट मेजर, सर्जनफिश यांची पिल्लं असतात. तिथे काहीही पकडायला पूर्ण बंदी आहे. फरक असा की आमचा हिवाळा तुमच्यासारखा कडक नाही, पाणी १६-१७ च्या आसपास उतरतं. सिडनीच्या यूटीएस विद्यापीठाचे डेव्हिड बूथ आणि त्यांची टीम बऱ्याच वर्षांपासून ही पिल्लं मोजतेय आणि त्यांना दिसलंय की हिवाळा सौम्य असला की काही जातींची पिल्लं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तग धरतात, साधारण १७-१८ च्या वर पाणी राहिलं तर. म्हणजे तुमच्याकडे हिवाळा सगळं पुसून टाकतो, आमच्याकडे ती सीमा एक-दोन डिग्रीवर येऊन ठेपलीये, एखाद्या वर्षी टिकतात एखाद्या वर्षी नाही.

आणि सीमा ओलांडली की काय होतं ते टास्मानियात बघायला मिळतं. लांब काट्यांचा एक समुद्री साळिंदर (अर्चिन) आहे, मूळचा आमच्या न्यू साउथ वेल्सचा. त्याच्या पिल्लांना वाढायला १२ सेल्सिअसच्या वर पाणी लागतं, टास्मानियात हिवाळ्यात पाणी त्याच्या खाली जायचं म्हणून तो तिकडे टिकत नव्हता. प्रवाह जास्त दक्षिणेला जोर करायला लागला, पाणी १२ च्या वर राहायला लागलं आणि तो पसरला, केल्पची (उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची) जंगलंच्या जंगलं खाऊन खडक उघडे बोडके केलेत. अ‍ॅबलोनी आणि रॉक लॉबस्टर पकडणाऱ्यांच्या पोटावर आलंय. म्हणून मला ऋतुजाचं म्हणणं फार पटलं, येतायत का यापेक्षा हिवाळा काढतायत का हे बघत राहायला हवं. रंगीत मासे आले म्हणून इथे टूरिस्ट खूश होतात पण जे शेवाळ खाणारे मासे त्यांच्याबरोबर येतात ते केल्पला जड जातात.

अभय_जर्सी:
मेघनाताई हे वाचून अंगावर काटा आला. मीठपाणी, तुमचा मुद्दा पटला, पोरांना सांगताना आता सी बास आणि लॉबस्टरचं सांगेन.

एक सूचना मुलांना घेऊन जाणाऱ्यांना. या पिल्लांमधे लायनफिश पण असतो! तो मूळचा आपल्या हिंदी महासागराच्या आणि पॅसिफिकच्या बाजूचा, अटलांटिकमधे माणसामुळे आला, १९८५ ला फ्लोरिडात पहिल्यांदा सापडला आणि मग सगळ्या कॅरिबियनभर पसरला. त्याची पिल्लं २००१ पासून लाँग आयलंडला दिसतायत. दिसायला अतिशय सुंदर, पाठीवरच्या काट्यांत विष. हात लावायचा नाही. टोचलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात (भाजणार नाही बघून) हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

ऋतुजा_बॉस्टन:
लायनफिशवर प्रयोग करून बघितलेत, १६ च्या आसपास खाणं बंद आणि १० ला मरतो. म्हणून हॅटरसच्या वर तो अजून कायमचा बसलेला नाही. थंडी इथे एका परीने राखण करतेय.

आणि कर्लीकाठ, तुमच्या मुलीला वाचवण्याचीच तळमळ असेल तर तिच्यासाठी एक काम आहे. दर नोव्हेंबर-डिसेंबरला केप कॉड बेमधे समुद्री कासवं थंडीने गारठून किनाऱ्याला लागतात. मुख्यतः केम्प्स रिडली जातीची लहान कासवं, जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या कासवांपैकी. उन्हाळ्यात ती वर येतात, शरद ऋतूत दक्षिणेला निघतात आणि केप कॉडच्या वाकवलेल्या हातासारख्या जमिनीच्या आत अडकतात, बाहेर पडायचं तर आधी उत्तरेला जावं लागतं आणि ते त्यांना उमगत नाही. पाणी १० च्या खाली गेलं की अंग चालत नाही, मग वारा त्यांना वाळूवर आणून टाकतो. वेलफ्लीटला मास ऑडुबॉन या निसर्गसंस्थेचे स्वयंसेवक भरती ओसरली की रात्रीबेरात्री किनारा चालून काढतात, सापडलेली कासवं बॉस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमच्या क्विन्सीतल्या कासव हॉस्पिटलला जातात. २०१४ ला एका हंगामात बाराशेच्या वर कासवं आली होती. हळूहळू, रोज थोडं थोडं तापमान वाढवत त्यांना ऊब देतात, आणि बरी झाली की विमानाने दक्षिणेला नेऊन सोडतात. मी गेलेय चालायला, वारा भयंकर असतो. कासव दिसलं तर नियम एवढाच की पाण्यात परत ढकलायचं नाही, भरतीच्या रेषेच्या वर ठेवायचं, सुक्या शेवाळाने झाकायचं, जागेला खूण करायची आणि ऑडुबॉनला फोन करायचा. घरी आणून गरम करायचं तर अजिबात नाही.

कर्लीकाठ:
ऋतुजाताई हे तर उत्तमच. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत केप कॉडला जायचं हे घरात ठरलं सुद्धा.

अजून एक विचारतो, माशाची नोंद करायची असेल तर कुठे आणि कशी करायची? आणि जर्सीत घराजवळ हे बघायला नक्की कुठली वेळ गाठायची?

ऋतुजा_बॉस्टन:
आयनॅचरलिस्ट नावाच्या निसर्ग-नोंदींच्या वेबसाइटवर टाका, तुमचा गढूळ फोटो पण चालेल, डोळ्यातला पट्टा आणि परांचा रंग दिसला तरी ओळखणारे ओळखतात. बाजूने काढलेला फोटो सगळ्यात चांगला. तारीख, जागा, अंदाजे खोली आणि आकार लिहा, बोटाच्या पेराएवढा वगैरे लिहिलं तरी चालतं. तापमान तुमच्या घड्याळाचं लिहाच पण न्यूपोर्टला नोआचं (अमेरिकन सरकारच्या समुद्र-हवामान संस्थेचं) भरती-ओहोटीचं स्टेशन आहे, तिथलं पाण्याचं तापमान ऑनलाइन मिळतं, त्या दिवसाचं तेही जोडा. आणि शक्य असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी परत जाऊन बघा आणि मासा नाही दिसला तर नाही दिसला हे पण लिहून ठेवा. शेवटचा कधी दिसला याच्या नोंदी फार कमी असतात कारण गारठ्यात कोणी उतरत नाही, आणि तीच तारीख दर वर्षी पुढे सरकतेय का हे आम्हाला हवं असतं.

अभय_जर्सी:
जर्सीसाठी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. इनलेटच्या (समुद्रातून खाडीत शिरायच्या तोंडाच्या) आतल्या बाजूला दगडी बांध, धक्क्याचे खांब, जुने पूल असं काहीतरी आधाराचं हवं. वेळ भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तेव्हाची, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि ओढ नसते. तो थांबलेला वेळ अर्धा तास जेमतेम असतो, त्यानंतर इनलेटमधे ओढ इतकी वाढते की मोठ्या माणसाला पण पाय टेकवता येत नाहीत, त्यामुळे मुलीला घेऊन जाल तेव्हा टाइड टेबल बघूनच निघा, डायव्ह फ्लॅग लावा आणि पाणी हलायला लागलं की लगेच बाहेर या.